टाकीतलं शेवाळ

सावली गावच्या शिवारावर ढग उतरले होते आणि बापूजींच्या कापलेल्या धानाचे पुंजणे, पेंढ्यांचे ढीग, अजून उघड्यावरच पडले होते. मळणी यंत्राचं इंजिन सकाळपासून खोकून खोकून बंद पडत होतं. त्यांनी डिझेलची टाकी उघडली, तर तळाशी पाणी आणि त्यावर काळं, बुळबुळीत शेवाळ. दरवर्षी हेच! झाकण घट्ट, डिझेल गाळलेलं, मग पाणी शिरतं तरी कुठून? चिडचिड करत त्यांनी टाकी धुतली, पुसून कोरडी केली, ताजं डिझेल भरलं आणि जीव खाऊन हँडल फिरवलं. धडधड, धडधड! इंजिनानं असा ठेका धरला की बापूजी खळ्यातच नाचले.

"अवं, नारळ आन लवकर! आज सारं धान निघते!" त्यांनी बायकोला हाक दिली.

शकुबाईंनी आणलेला नारळ त्यांनी घाईघाईनं फोडला आणि मजुरांना बोलवायला बांधाकडे धावले. मागं वळून पाहतात तो काय, शकुबाई टाकीचं झाकण काढून करवंटी तिरपी करत होत्या.

"अवं थांब! काय करून राह्यली?"

"वरडता काऊन?" शकुबाई म्हणाल्या. "दरसाली नारळ फोडता न् पयून जाता. इंजिनाले पहिला घोट कोन पाजते मंग?"