पाच पिवळ्या चिठ्ठ्या

“आणि तुझा स्वभाव कुठला?” ओ ग्योंग-सुकबाईंनी पेन सरसावत विचारलं.

नाम ह्ये-रिनला कामावर येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बुसानमधल्या या कचेरीत भातकुकर, मिक्सर असल्या वस्तूंबरोबर येणारी माहितीपुस्तकं तयार होत. भिंतीवर टीमचा तक्ता होता. प्रत्येकाच्या नावापुढे स्वभावचाचणीत निघालेली चार अक्षरं लिहिलेली चिठ्ठी. माणसांत रमणाऱ्यांची पिवळी, एकट्याने रमणाऱ्यांची निळी. ओबाई धरून पाच माणसं, आणि पाचही चिठ्ठ्या पिवळ्या.

ह्ये-रिन जन्माची अबोल. शाळेत हजेरी द्यायची म्हटलं तरी ती नुसता हात वर करायची. पण तीन महिन्यांच्या करारावर दोघांना घेतलं होतं आणि कायमची जागा एकच होती. याआधी दोन ठिकाणचे करार संपले, तेव्हा आईला ते सांगायला तिला आठ-आठ दिवस लागले होते. आता तिसऱ्यांदा सांगणं तिला झेपणार नव्हतं.

“पिवळी,” ती म्हणाली.

“असं? मुलाखतीत वाटलं नव्हतं.”

“मुलाखतीत माझी बोबडी वळली होती, टीमजांगनिम!”

टीमच्या प्रमुखबाईंना पहिल्याच दिवशी असं उत्तर! सगळे खो खो हसले. ह्ये-रिनही हसली, सगळ्यांत मोठ्याने.

करारावरचा दुसरा, फ्यो जिन-उ, तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि खाली मान घालून म्हणाला, “निळी.” तिला त्याची कीव आली. एवढा भोळा माणूस नोकरीत टिकायचा कसा?

त्यानंतर तीन महिने ह्ये-रिनने जिवाचं रान केलं. जेवायच्या सुट्टीत सूपच्या दुकानात सगळ्यांची ऑर्डर ती ओरडून देई. टीमच्या पार्टीत माइक आधी तिच्या हातात. तिने नकला केल्या की लोकांची हसून हसून पुरेवाट होई. रविवारी मात्र ती फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून पडून राही. आई दारातून विचारायची, “बरं नाही का गं?” त्याचं उत्तर द्यायचंही त्राण तिच्यात नसे.

जिन-उ कानात बोळे घालून बसायचा. डबा टेबलावरच. विचारलं तेवढं उत्तर. एकदा ह्ये-रिनने खिडकीतून पाहिलं, तर हा खालच्या अंगणात पार्सलवाल्याला हातवारे करकरून काहीतरी सांगत होता आणि पार्सलवाला पोट धरून हसत होता. वर आला तो पुन्हा मूग गिळून. आपल्यालाच बुजतो बिचारा, असं तिला वाटलं.

मध्ये एका कुकरच्या पुस्तकात झाकणाचं चित्र उलटं छापून गेलं. ती चूक तिला आदल्या दिवशीच दिसली होती. पण तेवढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि टाळ्यांना तीच पुढे हवी होती. चित्र राहून गेलं. “आता ग्राहकांनाच उलटं उभं राहायला सांगू,” ती म्हणाली. सगळे हसले. ओबाई हसल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी ओबाईंनी तिला आत बोलावलं.

“तुझ्याशिवाय इथे करमायचं नाही, ह्ये-रिन. पण जागा जिन-उला दिली.”

तिने विचारलं, “काय चुकलं माझं?”

“काहीच नाही. आम्ही पाच जण बडबडे. एक जण बोलायला लागला की बाकी चौघं कामं टाकून बसतात. मला गप्प बसून पानं वाचणारं माणूस हवं होतं. खरं सांगू? मुलाखतीत तुला पाहिलं आणि म्हटलं, हीच. मग तू पिवळी सांगितलीस.”

“ते मी खोटं सांगितलं,” ह्ये-रिन म्हणाली. “मी निळी आहे, टीमजांगनिम. मला बोलायला मुळीच आवडत नाही.”

ओबाई खळखळून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. “पाहिलंस? अशा वेळीसुद्धा तुला थट्टा सुचते!”

खोकं उचलून ती जिन्यावर आली आणि तिसऱ्या पायरीवर मटकन बसली. आता तिला रडू आवरेना. मागून जिन-उ आला. त्याने दार घट्ट लावलं आणि वरखाली कुणी नाही ना, ते पाहिलं.

“नूना!” तो पहिल्यांदाच तिला बहिणीच्या नात्याने हाक मारत होता. “मी दारातून ऐकलं, मला माफ कर, पण तू निळी आहेस हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नाटक करणाऱ्याला दुसऱ्याचं नाटक ओळखू येतंच की! मी काय केलं, तक्ता वाचला, म्हटलं, यांच्याकडे जे नाही तेच आपण व्हायचं. तीन महिने कसेबसे काढले गं, घरी गेलो की मांजराशी बोलतो, ते मांजरही आता उठून जातं, आणि आता तर जागा कायमची झाली.” धाप लागून तो तिच्याशेजारी बसला. “तेवढं शिकवून जा ना, नूना. दिवसभर गप्प कसं बसायचं?”