मागं राहिलेलं अंडं

अंड्यातून आवाज येत होता, पण सकाळपेक्षा बारीक. राजेश्वरीनं ते कानाजवळ धरलं. कवचाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. ते हलायचं, थांबायचं. आता थांबणंच जास्त होतं.

खुडूक कोंबडी टोपलीतून केव्हाच उठली होती. बाकीची पिल्लं घेऊन ती गोठ्याच्या भिंतीकडेला उकरत होती. हे एक अंडं भुशात गार पडायला लागलं होतं.

राजेश्वरी नुकतीच रानातून आली होती. दिवसभर तूर कापून हात सोलवटले होते, कंबर धरली होती. तिला नुसतं भिंतीला टेकून बसायचं होतं. पण आवाज ऐकून ती टोपलीपाशी वाकली आणि तिथंच बसून राहिली.

"काय करायलीस?" दारातून सासूनं विचारलं.

"पिल्लू अडकलंय, आत्या. फोडू का जरा?"

"हात लावू नगं." दगडाबाई उंबऱ्यावर टेकल्या. "ज्येला यायचंय त्ये येतंय, आपल्या टायमानं. घाई केली की रगत येतंय न् मरतंय."

सासूचं खोटं नव्हतं. माहेरी एकदा राजेश्वरीनंच असं एक पिल्लू ओढून काढलं होतं. तिच्या तळहातावर रक्त सांडून ते गेलं होतं. तिनं अंडं खाली ठेवलं.

आपल्या टायमानं. हेच शब्द तिनं उन्हाळ्यात ऐकले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा, भागवत, फोन करून गाडी बोलवत होता. दगडाबाईंनी त्याला थांबवलं. पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच, आपल्या टायमानं होईल. दुपार गेली, संध्याकाळ गेली. ईट गावातून दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातली हालचाल थांबली होती. मुलगी होती.

नंतर घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढलं नाही. राजेश्वरीनंही तोंडानं कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायलासुद्धा अंगात जोर लागतो. उठायचं, भाकरी थापायच्या, रानात जायचं, येऊन पडायचं, एवढंच ती करत होती.

अंड्यात पुन्हा चिवचिव झाली आणि मधेच तुटली.

राजेश्वरी उठली. चुलीवरचं कोमट पाणी वाटीत घेतलं, कापसाचा बोळा घेतला आणि परत टोपलीपाशी येऊन बसली.

"म्या काय सांगितलं तुला?"

"ऐकलं, आत्या. पर आता माझ्यानं वाट बघणं व्हईना."

तिचा आवाज चढला नव्हता.

तिनं नखानं कवचाचा टवका काढला. आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. तो भिजवायचा, थोडा सुटला की पुढं सरकायचं. एका जागी लाल ठिपका आला. तिचा हात तिथंच थांबला. माहेरचं ते पिल्लू डोळ्यांपुढं आलं. पण ठिपका तेवढाच राहिला. तिनं पुन्हा कापूस भिजवला. बऱ्याच वेळानं वरचं कवच सुटलं आणि पिल्लू तिच्या तळहातावर लवंडलं. ओलंगच्च, मान टाकलेलं.

ते पदरात घेऊन ती चुलीपुढं बसली. दगडाबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. त्यांनी संध्याकाळचा चहाही ठेवला नाही.

रात्र पडता पडता पिल्लाची पिसं सुकून फुलली. त्यानं मान उचलली आणि तोंडावर आपटलं. परत उठलं. पाय फाकून कसंबसं उभं राहिलं आणि एवढ्याशा जिवाच्या मानानं फारच मोठ्यानं वरडलं.

राजेश्वरीला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. "बघा की, आत्या," म्हणत ती वळली.

दगडाबाई हसत नव्हत्या. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या पिल्लाकडं बघत होत्या. बघता बघता त्या उठल्या, सुनेजवळ येऊन खाली बसल्या.

"खरं सांग, पोरी," त्या म्हणाल्या. "तवा म्या गाडी आडवली नसती, तर आपली बी जगली असती का गं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते राजेश्वरीला एकटीला सांगितलं होतं. जरा आधी आणलं असतं तर बाळ हाती लागलं असतं. हे तिनं भागवतलाही कळू दिलं नव्हतं. कधीतरी अंगात जोर आला की सासूच्या तोंडावर फेकायचं, म्हणून आत दाबून ठेवलं होतं. आज सासू स्वतःच ते मागत होती.

राजेश्वरीनं पिल्लू उचललं आणि सासूच्या ओंजळीत ठेवलं.

"न्हाय, आत्या," ती म्हणाली. "डाक्टरीणबाई म्हणल्या, कळा यायच्या अगुदरच ती गेली व्हती."