एक थान

भगवंतरावांचं वासरू सकाळी गोठ्यात मरून पडलेलं दिसलं. त्यांनी जानरावच्या दारात येऊन हाक मारली, "जान्या, दोर घे अन् ओढून टाक त्याले."

"धम्म घेतला तवाच ते काम सोडलं आम्ही," जानराव म्हणाला.

"मंग माह्या वावराच्या धुऱ्यावरचं गवतही सोड. तुही गाय मरू दे उपाशी."

जानरावची बायको तानाबाई तरातरा बाहेर आली. भगवंतरावांच्या गोठ्यातलं चारापाणी तीच करायची.

"एक थान वासराले सोडा म्हणून रोज सांगतलं तुम्हाले. तुम्ही दुधाचा थेंबन् थेंब चिखलीच्या हॉटेलात धाडला. जितं होतं तवा ते तुमचं होतं, मंग मेल्यावर आमचं कसं झालं?"

भगवंतराव पाय आपटत परतले. गावात दुसरं कोणीही वासराला हात लावेना. शेवटी दुपारी त्यांनी स्वतःच दोर बांधला आणि भर गल्लीतून ते ओढत निघाले. दावं तोडून वासराची आई हंबरत त्यांच्यामागे धावली.

तानाबाईनं दार लावून घेतलं. त्या वासरानं पहिलं कोवळं गवत तिच्याच हातून खाल्लं होतं. आता कुठं तिला रडू फुटलं.