हौसाक्कांचा टॅब्लेट

"आत्याबाई, आता हलका लॅपटॉप आलाय. टॅब्लेट कशाला ठेवायचा? दुकानदार जुना घेतोय, देऊन टाकते," सून म्हणाली.

हौसाक्कांनी हातातली मिरचीची टोपली खाली आदळली. "का? दोन्ही काय एकमेकांच्या उरावर बसतात? तुझ्या चपलांचे चार जोड आहेत, तेव्हा नाही विचारत कशाला म्हणून!"

"मसाल्याच्या ऑर्डरी मी लॅपटॉपवरच घेणार. आणि हा तुम्ही कधी हातात तरी धरलाय का?"

"मी? त्या काळ्या आरशाला? मला काय नटायचंय?"

फणकारल्या खऱ्या, पण जीव त्याच काचेत अडकला होता. जन्मभर अंगठा उठवलेली ती बाई रोज दुपारी, सून झोपली की, त्या काचेवर बोटानं अक्षरं गिरवायची. लॅपटॉपवर नुसती बटणं, तिथं बोट कुठं फिरवणार? साठी उलटल्यावर या पोरीकडे गिरवायला पाटी मागायची? त्यापेक्षा डोळ्यांत मिरच्या घातलेल्या बऱ्या.

देण्याआधी आतलं सगळं पुसावं म्हणून सुनेनं टॅब्लेट उघडला. पानंच्या पानं वेडीवाकडी निघाली: हौसा, हौसा, हौसा. शेवटच्या पानावर अख्खं वाक्य होतं: सून दुपारी घोरते.

ती टॅब्लेट तसाच घेऊन हौसाक्कांपुढे आली.

"वाचलंस ना?" हौसाक्कांनी पदर खोचला. "मग सांग की, अक्षर कसं आलंय?"

"अक्षर झकास आहे, आत्याबाई. मजकूर मात्र साफ खोटा," म्हणत तिनं टॅब्लेट चार्जिंगला लावला.

"खोटा? थांब, उद्यापासून वेळेसकट लिहिते."