ऑक्टोबरातल्या माश्या

"हीसुद्धा रिकामी," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न हलवता हेमांगी म्हणाली. झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि सापळ्यांत सापडणाऱ्या, निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माश्या आठवड्यागणिक कमी होत होत्या.

त्सेत्सेची मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतल्या आत तिला दूध पाजते आणि पुरती वाढली की मातीत सोडते. आज तपासलेल्या वीस माद्यांपैकी चौघींची अळी मात्र अर्धवट वाढूनच पडून गेली होती.

"काय चुकलं असेल हिचं?" हेमांगीच्या तोंडून निघून गेलं.

शेजारी बसलेली एस्तेर तीस वर्षं हेच काम करत होती. "कुणाचं काही चुकत नाही गं. ऊन फार झालं की होतं असं." बोलता बोलता तिनं हेमांगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझं कधी गेलं, पोरी?"

"जूनमध्ये. पाचवा महिना होता." इथं आल्यापासून हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. एस्तेरनं तिला जवळ घेतलं. हेमांगी पोटभर रडली.

मग तिनं साताऱ्याला नवऱ्याला फोन लावला. "निरंजन, आपण तिच्याबद्दल कधी बोललोच नाही रे."

"मी तिचं नाव ठरवून ठेवलं होतं," तो म्हणाला. "सांगू?"

"सांग ना."