टाचेतली गळती

विज्ञान पुढे जातं ते शंका घेणाऱ्यांमुळे. किडनीच्या डॉक्टरांसमोर बसलेले गृहस्थ त्यांच्यापैकीच. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झालेली, त्यामुळे स्वतःच्या शरीराकडेही ते टाकी म्हणूनच बघत.

"युरिया उतरलाय," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. "डायलिसिस तूर्तास टळलं."

गृहस्थांच्या शेजारी बसलेल्या बायकोने आवळून धरलेला पर्सचा बंद सोडला.

"टळणारच!" गृहस्थ पुढे सरकले. "गळती मी शोधली ना. तुम्ही म्हणता, रक्तात युरिया साठलाय, कमी करा. आणि खालच्या मजल्यावरचे त्वचेचे डॉक्टर टाचांच्या भेगांना क्रीम देतात, त्यात काय? युरियाच! खालून पंप चालू आणि वरून तुम्ही टाकी उपसताय. एकाच लिफ्टने येता-जाता, एकमेकांना विचारत नाही का हो?"

"अहो, युरिया आपल्याच शरीरात तयार होतो. कातडीत पाणी धरून ठेवतो, म्हणून क्रीममध्ये घालतात. टाचेतून रक्तात जातो तो नसल्यासारखाच."

"नसल्यासारखा म्हणजे असतोच की! गळती थेंबानेच सुरू होते. क्रीम त्याच दिवशी बंद केलं. आता साधं व्हॅसलिन. आणि बघा, उतरला युरिया!"

"तो गोळ्यांनी उतरला. आणि पथ्याने."

"पथ्य हिचं. मी नुसतं वाढलेलं खातो."

डॉक्टरांनी वाद सोडला. "मोजे काढा, सूज बघू."

घोट्यावर अंगठा दाबला. सूज नव्हती. मग त्यांनी पाय जरा उजेडाकडे वळवला आणि बघतच राहिले. मागच्या खेपेला हेच गृहस्थ चवड्यांवर चालत आले होते. भेगांतून रक्त यायचं. आज टाच लहान मुलाच्या गालासारखी.

"नुसत्या व्हॅसलिनने?"

"नुसत्या व्हॅसलिनने! रोज स्वतःच्या हाताने लावतो. ही डबी आणून देते, बस्स."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं किडनीचं चित्र फार लक्ष देऊन बघत होती.

"कुठलं व्हॅसलिन हो, काकू?"

"आधी त्यांना मोजे घालू द्या," ती म्हणाली.

डबी जुनीच होती. व्हॅसलिन तेवढं केव्हाच संपलं होतं.