कचरूच्या गाडीचा डबा

“डबा काढायचा न्हाई म्हणजे न्हाई,” कचरू म्हणाला आणि त्यानं चहाचा रिकामा कप टपरीच्या फळीवर आपटला. “ज्या सवारीला जास्ती घाई असंल, तिनं एसटीनं जावं.”

मंठ्याच्या स्टँडवरचे ड्रायव्हर हसले. सालभर हाच विषय चालला होता. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात कंपनी धूर साफ करणारा एक डबा बसवून देते. त्यात बारीक जाळी असते. ती म्हणजे गाडीच्या नाकात घातलेला बोळा, तिच्यामुळे गाडी पळत नाही आणि डिझेल जास्त पिते, असं स्टँडचं एकमत होतं. त्यामुळे कचरू सोडून झाडून सगळ्यांनी भुजंग मिस्त्रीकडून आपापले डबे आतून पोकळ करून घेतले होते.

धर्मराज तर त्याच्याही पुढं गेला होता. इंजिनाला जास्त डिझेल मिळावं म्हणून त्यानं गाडीतला डिझेलचा पंपसुद्धा वाढवून घेतला होता. त्याची गाडी निघाली की मागं काळा लोट उठायचा आणि पानवाला पानांवर फडकं टाकायचा. आपली गाडी आता पंच्याहत्तर हॉर्सची झाली, असं तो ज्याला त्याला सांगायचा. विहिरीवरच्या मोटारीचे हॉर्स मोजत वाढलेला माणूस तो. हॉर्स वाढले की त्याची छाती फुगणारच.

कचरूचं कारण वेगळं होतं. त्याच्या बायकोला, गोजरबाईला, दमा होता. आधीच्या जीपचा धूर सकाळी दारातून थेट घरात शिरायचा आणि ती खोकून खोकून अर्धी व्हायची. जालन्याच्या डॉक्टरांनी खडसावलं तेव्हा त्यानं जीप विकली आणि ही गाडी घेतली, ती केवळ त्या डब्यासाठी. त्याला दोन वर्षं झाली. आता तो गाडी सुरू करायचा, गोजरबाई हापशावरून हंडा भरून आणायची, मग चहा टाकायची. सकाळचा खोकला घरात ऐकू येईनासा झाला होता. या एका गोष्टीचा कचरूला इतका अभिमान होता की तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

“बायकोच्या खोकल्यापायी एव्हरेज घालवून राह्यला,” धर्मराज म्हणाला.

“कुठं गेलं एव्हरेज? सुरुवातीला बसत नव्हतं, ते खरं हाय. लई जीव खाल्ला तेनं माझा. मंग इंजिन सेट झालं न् बराबर बसलं. आता तुझ्यापेक्षा जास्ती देती माझी गाडी.”

“लाव पैज.”

“लावली!”

दोघांनी एकाच पेट्रोल पंपावर टाक्या काठोकाठ भरायच्या, सारख्याच सवाऱ्या घ्यायच्या, जालन्याला जाऊन परत यायचं आणि तिथंच टाक्या पुन्हा भरायच्या. ज्याच्या टाकीत कमी डिझेल बसेल, तो जिंकला. धर्मराज हरला तर त्यानं गाडीतला पंप पुन्हा होता तसा करायचा. कचरू हरला तर डब्यातली जाळी तिथल्या तिथं काढायची.

टपरीवर बसलेला भुजंग मिस्त्री घाईनं चहा संपवून गॅरेजकडे निघाला. जाळी काढा म्हणून सगळ्यांच्या मागं लागणारा हा माणूस कचरूच्या वाटेला मात्र कधी जात नसे. निदान याला तरी आपली कदर आहे, असं कचरूला वाटायचं.

पैजेच्या दिवशी निघताना तो गोजरबाईला म्हणाला, “हरलो तरी न्हाई काढू देणार. पैज गेली खड्ड्यात.”

“न्हाई हरत तुम्ही,” ती म्हणाली. “फक्त गाडी दमानं चालवा.”

धर्मराजनं वाटूरच्या अलीकडेच हॉर्न ठोकत त्याला मागं टाकलं. कचरूनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो आपल्या एका चालीनं गेला आणि त्याच चालीनं परत आला. धर्मराज तोवर पंपावर चहा पिऊन ऐटीत बसला होता. पैज आधी पोचायची नव्हतीच, हे तो विसरला असावा.

टाक्या भरल्या. धर्मराजची गाडी दीड लिटर जास्त प्यायली होती.

“घोडे वाढवले तं चारा बी वाढवावा लागंल ना!” कचरू ओरडला. “आता बोला! डब्यानं एव्हरेज जातं म्हणं!”

धर्मराजला ते गिळवेना. “बायकोचं नुसतं नाव सांगून राह्यला ह्यो. डबा आतून पोकळ असंल.”

कचरूचं डोकं फिरलं. त्यानं गाडी थेट भुजंगच्या गॅरेजवर नेली. सगळे मागोमाग आले.

“भुजंग, खोल डबा. पब्लिकसमोर खोल.”

“कशाला, भाऊ? जिंकले ना तुम्ही. गरम हाय, हात भाजंल.”

“थंडा होऊ दे. आम्ही बसतो.”

सगळे खरंच बसले. भुजंग नाइलाजानं गाडीखाली सरकला. एरवी चटाचट नट काढणारा मिस्त्री आज एकेका नटाशी खेळत होता. अखेर डबा बाहेर आला. धर्मराजनं तो झडप घालून घेतला आणि डोळ्याला लावला.

त्याला पलीकडचा रस्ता दिसला.

तो मोठ्यानं हसायला लागला. मग त्यानं कचरूचं तोंड पाहिलं आणि डबा डोळ्यावरून खाली घेतला. कचरूनं डबा हिसकावून घेतला, आत बोटं घालून चाचपलं. आत काहीच नव्हतं. त्यानं भुजंगची गचांडी धरली.

“माझ्या गाडीला तुझ्याबिगर कोणाचा हात लागत न्हाई. कुठंय जाळी? कोणाला विकली?”

“विकली न्हाई, भाऊ. गाडी नवी होती, एव्हरेज बसत नव्हतं. तुम्ही सर्व्हिसिंगला ठिवून गेल्ते, तवा वैनी आल्त्या इथं. तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणून गळ्याची शपथ घातली मला.”

“काय म्हणली ती?”

भुजंगनं मान खाली घातली. “म्हणल्या, मालकाला एव्हरेजचा घोर लागलाय, काढून टाक ती जाळी. सकाळी गाडी चालू झाली की मी हंडा घिऊन हापशावर जाईन. दमा माझा हाय, माझं मी बघते.”